लॅव्हेंडरला आषाढ सोसत नाही

आपल्याकडे लॅव्हेंडर आधी वास म्हणून आलं आणि झाड म्हणून फार उशिरा. फरशी पुसायच्या लिक्विडमध्ये ते होतं, कपड्यांच्या कंडिशनरमध्ये होतं, गाडीच्या एसीला अडकवतात त्या डबीत होतं, मॉलच्या वॉशरूममध्ये तर असतंच असतं. त्यामुळे खरं झाड घरी आणून त्याचं पान पहिल्यांदा चुरगाळून नाकाशी नेलं की बऱ्याच लोकांचा चेहरा पडतो, "अय्या, हे लॅव्हेंडर?" असं म्हणतात, कारण डोक्यात बसलेला वास गोडुस असतो आणि हातातल्या पानाला मात्र कापूर आणि निलगिरीच्या मधला कुठलातरी वास येत असतो, थोडा कडवट, थोडा सर्दीच्या बामकडे जाणारा. मला तो आवडतो. फरशीचं लिक्विड मला आवडत नाही, ते असो.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे मी दरवर्षी "यंदा फक्त बघायचं" असं ठरवून जाते. यंदा बघून परत येताना रिक्षात मांडीवर लॅव्हेंडरची पिशवी होती. स्टॉलवरच्या मुलाने सांगितलं, "मॅडम, याने मच्छर येत नाहीत, आणि रोज थोडं थोडं पाणी घालत जा." बिचाऱ्याने मनापासून सांगितलं, पण मच्छराचं म्हणाल तर तेल असतं पानांवरच्या आणि फुलाखालच्या छोट्या कपावरच्या बारीक बारीक ग्रंथींमध्ये बंद, पान घासलं किंवा चुरगाळलं की ते बाहेर येतं, नुसती कुंडी खिडकीत ठेवली म्हणून डास काही वळसा घालून जात नाहीत. आणि रोज थोडं थोडं पाणी ही तर या झाडासाठी सगळ्यात वाईट पद्धत. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलायचंच आहे.

आधी आपण नेमकं काय विकत घेतलंय ते बघायला हवं, कारण लेबलवर नुसतं "लॅव्हेंडर" असतं आणि त्या एका शब्दाखाली चार वेगळ्या स्वभावांची झाडं विकली जातात. पान अरुंद, सरळ कडेचं, राखाडी झाक असलेलं, तर ते अँगस्टिफोलिया, ज्याला सगळे इंग्लिश लॅव्हेंडर म्हणतात. इंग्लंडचा त्याच्याशी संबंध बागेपुरता, मूळचं ते भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातलं. वास सगळ्यात छान याचाच, आणि पुण्यात सगळ्यात जास्त रुसणारं पण हेच, कारण याला फुलण्याआधी चांगली थंडी लागते. पानाच्या कडेला बारीक दाते असतील तर ते डेंटाटा, म्हणजे फ्रेंच. फुलांच्या कणसाच्या टोकावर मोठे जांभळे तुरे उभे असतील तर स्टोकस, म्हणजे स्पॅनिश. आणि पान शेपूसारखं झिरमिळ्यांचं असेल तर मल्टिफिडा किंवा पिनाटा, तेही दुकानात लॅव्हेंडरच. माझ्या हातात आलं ते डेंटाटा. मी खूश झाले, कारण उकाडा आणि थोडी दमट हवा हे झाड त्यातल्या त्यात सहन करतं, थंडीसाठी अडून बसत नाही आणि फुलतही बराच काळ राहतं. इन्स्टाग्रामवरच्या फोटोतलं ते हे नाही, पण फोटोला पुण्याच्या बाल्कनीत जगायचं नसतं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या दिवाळीपासून साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्यात. त्यांचा दिवस सुरू होतो तुळशीला पाणी घालून आणि मग तोच तांब्या पुढे मोगरा, जास्वंद, अनंत, कढीपत्ता करत करत बाल्कनीच्या टोकापर्यंत जातो. नवीन झाड बघून त्यांनी आधी वास घेतला, मग देठ बोटात धरून फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर चौकोनी आहे, तुळशीसारखा." मी थक्क झाले, कारण वनस्पतिशास्त्रवाले नेमकं हेच बघतात. चौकोनी देठ, समोरासमोर पानं, पानात वासाचं तेल, हे एकच कूळ: तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा, रोझमेरी आणि लॅव्हेंडर.

"म्हणजे तुळशीची चुलत बहीणच की गं ही."

"हो आई, पण हिचं माहेर वेगळंय."

"माहेर कुठलं का असेना, तहान तर लागेलच ना?"

तर सगळा घोळ या माहेरातच आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला मार्सेल आहे, प्रोव्हान्सची ती प्रसिद्ध जांभळी शेतं त्याच भागात, तिथे जुलै हा वर्षातला सगळ्यात कोरडा महिना असतो. पाऊस पडतो तो मुख्यतः शरदात आणि थंडीत, म्हणजे हवा गार असताना, झाड अर्धं झोपलेलं असताना. उन्हाळा आला की कडक ऊन, कोरडा वारा, आणि चुनखडीची दगडाळ जमीन ज्यात पाणी थांबतच नाही. आता पुणे बघा. आपला जुलै हा वर्षातला सगळ्यात ओला महिना. वर्षाचा साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि तोही उबदार हवेत, दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं, चपलांना बुरशी येते. लॅव्हेंडरच्या पानावर जी बारीक पांढरी लव असते ती त्याच्या देशातल्या उन्हापासून वाचायला असते, ऊन परतवायला आणि पानातला ओलावा धरून ठेवायला. आपल्या श्रावणात तीच लव बाहेरचा ओलावा पकडून बसते. आणि खाली मुळांशी कोमट ओली माती, म्हणजे बुरशीला आयतं जेवण.

म्हणून लोक जेव्हा "पुण्याच्या मे महिन्यात लॅव्हेंडर कसं टिकेल हो" असं विचारतात तेव्हा मला वाटतं यांचा महिना चुकतोय. मे ते काढतं. थोडं मलूल होतं, दुपारी सावली द्यावी लागते, पण काढतं. खरी परीक्षा आषाढात. आणि त्याची तयारी माघातच करावी लागते, म्हणजे झाड आणलं त्याच महिन्यात, कारण पावसाळ्यात मातीत काय आहे ते बदलायला गेलात तर झाड हातात येतं.

तर पहिला आठवडा. पहिल्या आठवड्यात काहीच करायचं नाही, हे ऐकायला सोपं आहे. झाड नर्सरीत शेडनेटखाली वाढलेलं असतं, तिथून प्रदर्शनाच्या मांडवात, तिथून रिक्षात आणि मग आपल्या बाल्कनीत, त्याला आधी एका जागी बसू द्यावं, एकदम रणरणत्या उन्हात न ठेवता रोज थोडं पुढे सरकवत न्यावं. बाकी कुंड्यांपासून लांब ठेवावं. पानं उलटी करून बघावी, पांढरी माशी आहे का, कोळ्याचं बारीक जाळं आहे का, सांध्यात पिठ्या ढेकूण बसलाय का. हे लॅव्हेंडरपुरतंच नाही, बाहेरून आलेल्या कुठल्याही झाडाला हा वनवास आमच्याकडे आहेच.

त्यानंतरची गोष्ट करताना हात जड होतो. फुलं कापायची. ज्या फुलांकडे बघून आपण पैसे मोजले तीच कापून टाकायची, कारण नवीन जागेत आधी मुळांनी हातपाय पसरणं गरजेचं असतं आणि झाड वेड्यासारखं फुलण्यात सगळं खर्ची घालत असतं. मी कात्री घेऊन उभी राहिले तर आतून नवरा म्हणाला, "अगं, कालच तर आणलंस!" आई मात्र काही बोलल्या नाहीत, त्यांनी ती फुलं उचलली आणि देवाला वाहिली. लॅव्हेंडर वाहिलेला बाळकृष्ण मी पहिल्यांदाच बघितला, बरा दिसत होता.

आता माती. या विषयावर मी तासभर बोलू शकते आणि घरचे मला बोलू देत नाहीत, तेव्हा इथे बोलते. पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये येणारी खूपशी रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात, किंवा जवळच्या उरुळी-मांजरीच्या पट्ट्यातून, आणि पिशवीत बऱ्याचदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून तो ठीक आहे. पण हा गोळा तसाच नवीन कुंडीत बसवला की बाहेरची माती भुसभुशीत आणि आत लाल ढेकूळ, ते वाळलं की पाणी आत शिरतच नाही, कडेने निघून जातं, आणि एकदा भिजलं की मग वाळतच नाही. तो गोळा बादलीत थोडा भिजवून बोटांनी बाहेरची निम्मी-अर्धी माती हलक्या हाताने सोडवावी लागते, मुळं न तोडता. आतमध्ये कधीकधी कागदासारख्या जाळीची एक पट्टी गुंडाळलेली असते, रोप लहानपणी ट्रेमध्ये वाढलेलं असतं त्या वेळची, तीही काढायची.

आणि नवीन माती म्हणजे माती कमीच. माझं प्रमाण असं: एक भाग साधी बागेची माती, एक भाग चाळलेली क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली बांधकामाची वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट, म्हणजे ते पांढरे, हलके, फुगवलेले खडे, आणि जेमतेम मूठभर जुनं गांडूळखत. क्रश सँड कुठेही मिळते, पुण्यात अशी सोसायटी दाखवा जिच्या शेजारी बांधकाम चालू नाहीये, पण ती चाळून घ्यायलाच हवी, खाली पडते ती पीठ झालेली भुकटी टाकून द्यायची, नाहीतर तीच भोकं बुजवते. कोकोपीट नको. हल्ली सगळीकडे हा नारळाच्या काथ्याचा भुसा घालायचा सल्ला देतात, आणि ते पाणी धरून ठेवायला बनलेलं आहे, म्हणजे आपल्याला जे नकोय नेमकं तेच. शेणखत भरभरून घालणाऱ्यांनाही मी हात जोडते, जास्त खायला मिळालं की हे झाड लांब लांब लुसलुशीत फांद्या काढतं, आडवं पडतं आणि वासाला कमी होतं. मिश्रण झालं की थोडं ओलं करून मुठीत दाबून बघायचं, त्याचा लाडू वळला गेला तर अजून वाळू घाला, उघडल्या मुठीतून भसकन पडलं पाहिजे.

कुंडी मातीची, बिनरंगाची, म्हणजे बाजूनेही ओल उडते. आधीच्या पिशवीपेक्षा एकच साइझ मोठी. मोठ्या कुंडीत छोटं रोप लावलं की मुळं नसलेली माती नुसती ओली बसून राहते. आणि कुंडीच्या तळाला खापऱ्यांचा थर द्यायची आपली जी जुनी रीत आहे, ज्याने निचरा चांगला होतो असं आपण लहानपणापासून ऐकलंय, त्याने तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या थरात सहज उतरत नाही, ते वरच्या मातीतच अडकून राहतं, उलट ओलीची पातळी मुळांच्या अजून जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी ठेवा, बास. थाळी तर अजिबात नको. कुंडीच्या वरच्या बाजूला पालापाचोळ्याऐवजी बारीक खडी पसरायची, देठाभोवती कोरडं राहतं.

या झाडाला आम्लधर्मी माती मानवत नाही, थोडी क्षाराकडे झुकलेली चालते. त्यामुळे उन्हाळ्यात टँकरचं जे जड पाणी येतं, ज्याने बाकीच्या कुंड्यांवर पांढरे थर चढतात आणि अनंताची पानं पिवळी पडतात, त्याचं लॅव्हेंडरला फारसं वावडं नाही. आमच्या सोसायटीतल्या पाण्याबद्दल चांगलं बोलायची संधी क्वचित मिळते म्हणून सांगितलं.

पाणी घालण्याचा नियम एका ओळीचा आहे: माती दोन पेरं खोल कोरडी लागली की घालायचं, घालायचं तर खालून निथळेपर्यंत भरपूर, आणि मग परत कोरडी होईपर्यंत विसरून जायचं. थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं, एप्रिल-मेमध्ये मातीच्या कुंडीला दोन-तीन दिवसांआड लागतं. पण वेळापत्रकावर जाऊ नये, कुंडी उचलून बघावी, हाताला वजन कळतं. रोज थोडं थोडं पाणी घातलं की वरचा एक इंच कायम ओला राहतो आणि खाली काय चाललंय ते आपल्याला कळतच नाही. गंमत म्हणजे तहानलेलं लॅव्हेंडर पण मान टाकतं आणि मुळं कुजलेलं पण मान टाकतं, आणि माणूस दोन्ही वेळा तांब्या घेऊन धावतो. फरक मातीत बोट घातल्यावर कळतो. माती कोरडी आणि मान खाली, तर पाणी. माती ओली आणि मान खाली, तर पाणी सोडून काहीही.

नवऱ्याने यावर उपाय म्हणून ऑनलाइन ओलावा मोजायचं यंत्र मागवलं, दोन सळया असलेलं. अशी यंत्रं मातीतून वीज किती वाहते त्यावर अंदाज करतात, आणि आमच्या या खडी-वाळूच्या मिश्रणात सळईला धड चिकटणारी मातीच नाही, त्यामुळे ते पाणी घातल्याघातल्या सुद्धा "कोरडं" दाखवत होतं. सध्या ते मोगऱ्यात खोचलेलं आहे, शोभेला.

प्रश्न आईंच्या तांब्याचा होता. त्यांना तोंडी सांगून झालं, पटवून झालं, पण पहाटे साडेपाचला मी झोपलेली असते आणि हातातल्या तांब्यात शेवटचे दोन घोट उरलेले असतात, ते कुठेतरी जाणारच. "सुकलेलं दिसतंय गं ते, राखाडी झालंय बघ." आई, ते राखाडीच असतं. शेवटी मुलीने वहीचा पुठ्ठा कापून पुणेरी पाटी केली आणि आइसक्रीमच्या काडीवर कुंडीत रोवली: "या कुंडीस पाणी घालू नये. झाड मालकाचे असून तहान लागल्यास ते मालकास कळवेल. तुळस डावीकडे." आईंनी ती चष्मा लावून वाचली, खूप हसल्या, आणि आता तांब्या तिथे येऊन थबकतो. पण झाडाला पाणी न घालणं ही त्यांच्या हाताला सवयच नाही, आणि त्यात चूक काय आहे? ज्या माणसाने आयुष्यभर जगवलेलं प्रत्येक झाड पाण्यावर जगलं त्याला हे एकच झाड उलटं कसं पटणार? मोगऱ्याला जे कळतं ते त्यांना कळतं. मला वाटतं की बाग शिकवणारे लोक पाणी कसं घालायचं यावर जितकं बोलतात त्याच्या निम्मं जरी हात कुठे आवरायचा यावर बोलले असते तर बरंच लॅव्हेंडर वाचलं असतं.

उन्हाचं गणित सगळे "सहा तास ऊन द्या" एवढ्यावर संपवतात. पण बाल्कनी ही काही शेत नाही, तिला दिशा असते, वरती स्लॅब असतो. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे, मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर, आणि त्यानंतर तो आपल्या उत्तरेला सरकतो तो जुलैच्या अखेरीपर्यंत तिकडेच. म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत डिसेंबर-जानेवारीत ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं, आणि मे-जूनमध्ये कठड्यावर पण धड पडत नाही. आमची बाल्कनी दक्षिणेची. झाड जानेवारीत आणलं तेव्हा ते उन्हात न्हात होतं, आणि जो माणूस तेव्हाच्या उन्हावर विसंबून कुंडी तिथे कायमची ठेवेल त्याच्या लक्षात येणार नाही की पाऊस सुरू होतो नेमकं तेव्हाच ऊनही गेलेलं असतं, ढग येण्याआधीच गेलेलं. म्हणून होळी झाली की आमच्या कुंड्यांची बदली होते, लॅव्हेंडर पूर्वेच्या खिडकीबाहेरच्या ग्रिलवर जातं, तिथे सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळतं आणि दुपारी आपोआप सावली. पश्चिमेची बाल्कनी असेल तर एप्रिल-मेमध्ये तीननंतरच्या उन्हाला एक पातळ हिरवी जाळी पुरे.

आणि मग आषाढ. आमच्याकडे आधीचं एक जुनं झाड आहे, तेही डेंटाटाच, खाली लाकूड झालेलं, दिसायला काही खास नाही, पण पावसाळ्यातून पार पडलेलं आहे, त्याच्याशी मी जे करते तेच नव्याशी करणार. मेच्या शेवटी आतल्या दाट फांद्या विरळ करायच्या, खालची पिवळी पानं ओरबाडून न काढता कात्रीने काढायची, म्हणजे झाडाच्या पोटातून वारा जाईल. कुंडी भिंतीला टेकवायची नाही, बाकी कुंड्यांना खेटूनही नाही. पाऊस थेट पडणार नाही पण वारा मिळेल अशी जागा शोधायची, आणि हे जमवायला घरात फिरून फिरून वारा कुठे आहे ते बघावं लागतं, आमच्याकडे तो डक्टच्या बाजूच्या कोपऱ्यात निघाला, जिथे एरवी झाडू ठेवतात. खत बंद. पाणी जवळजवळ बंद, हवेतच इतकं असतं. रोज एकदा देठाच्या बुडाशी बघायचं, काळं पडायला लागलं तर मग फार काही उरत नाही, वरच्या हिरव्या फांद्यांची कलमं करून घ्यायची आणि कुंडी रिकामी करायची.

माझं स्पष्ट मत आहे की पुण्यात अँगस्टिफोलिया आणणाऱ्याने ते गणपतीपर्यंत टिकेलच असं धरून चालू नये. शेवंतीची कुंडी आपण हिवाळ्यापुरती आणतोच ना, तिच्याकडून कोणी दहा वर्षांचं वचन घेत नाही. हे झाड जिथे खरंच सुखी आहे तिथे त्याचं काय होतं ते बघायचं तर जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं भदरवाह बघावं. तिथे मक्याची शेती सोडून लोक लॅव्हेंडरकडे वळले, जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेने रोपं आणि तेल काढायचं तंत्र दिलं, आणि २०२२ च्या मे महिन्यात तिथे देशातला पहिला लॅव्हेंडर महोत्सव झाला. डोंगर, थंडी, उतारावरून वाहून जाणारं पाणी, कोरडी हवा, सगळं मनासारखं. त्या तेलात लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट ही दोन द्रव्यं मुख्य, तीच त्या गोड वासामागे असतात, आणि माझ्या डेंटाटात पारडं कापराकडे झुकलेलं असतं, म्हणून तो बामचा वास. त्याचा मी राग मानत नाही.

याच शोधाशोधीत एक गोष्ट कळली आणि मी कितीतरी वेळ मोबाइल हातात धरून बसून राहिले. लॅव्हेंडर सह्याद्रीत आहे. लावलेलं नाही, आपोआप उगवणारं, इथलंच. एक बायपिनाटा, जिला मराठीत घोडेघुई म्हणतात, आणि दुसरी गिब्सनाय, जी फक्त पश्चिम घाटातच सापडते. या दुसरीला नाव मिळालं ते अलेक्झांडर गिब्सनवरून, जॉन ग्रॅहमने १८३९ मध्ये आपल्या मुंबई परिसराच्या वनस्पतिसूचीत ते नोंदवलं. हा गिब्सन म्हणजे स्कॉटिश डॉक्टर, १८३८ पासून १८४७ पर्यंत दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख, आणि नंतर मुंबई इलाख्याचा पहिला जंगल संरक्षक. दापोडी! जिथे आज एसटीची कार्यशाळा आहे आणि मेट्रोचं स्टेशन आहे, तिथे तो औषधी झाडं लावत होता आणि एका भारतीय चित्रकाराकडून त्यांची चित्रं काढून घेत होता. ती चित्रं आज एडिनबराच्या बॉटॅनिक गार्डनमध्ये आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

मी आईंना घोडेघुईचा फोटो दाखवला, झिरमिळ्या पानं आणि वर फिकट निळसर फुलं. त्यांनी मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "ही होय! ही आमच्याकडे डोंगरावर असायची, पाऊस गेला की. गुरं तोंड लावत नसत." मग जरा थांबून, "आणि तू प्रदर्शनातून पैसे देऊन आणलीस." मी म्हटलं आई, ही ती नव्हे. "तेच म्हणते मी," म्हणाल्या.

त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. सह्याद्रीतली ही मंडळी पावसात वाढतात आणि पाऊस ओसरला की फुलतात, म्हणजे कोकणकड्यावरचा पाऊस पिऊन लॅव्हेंडर होता येतं, फक्त पिढ्यानपिढ्या इथे राहावं लागतं. मग कुंडीत ती का लावू नये? तर लावू नये, कारण डोंगरावरून उपटून आणणं बरोबर नाही, नर्सरीत ती दिसत नाही, आणि तिला तो ओळखीचा वासही नाही. माझं म्हणणं एवढंच की कासला सप्टेंबरात जाल तेव्हा फक्त जांभळ्या गालिच्याचे फोटो काढू नका, रस्त्याकडेच्या खडकाळ उतारावर पण बघा.

छाटणीचं राहिलं. फुलांचा बहर ओसरला की, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, हिरव्या भागाचा साधारण एक तृतीयांश कापायचा. खाली जिथे तपकिरी लाकूड सुरू होतं तिथे कात्री न्यायची नाही, कारण जुन्या लाकडातून याला सहसा फूट येत नाही, तेवढी फांदी मग कायमची बोडकी. गुलाबाची सवय असलेल्यांना हे जमत नाही, ते बिनधास्त खालून उडवतात. छाटलेल्या शेंड्यांपैकी जे फुलावर नाहीत असे बोटभर लांबीचे तुकडे घेऊन, खालची पानं काढून, वाळू आणि परलाइटमध्ये खोचायचे, सावलीत ठेवायचे, वर प्लॅस्टिकची पिशवी घालायची नाही, महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. पुण्यात याला थंडीचे महिने सगळ्यात चांगले, होळीनंतर उशीर होतो. पावसाळ्याचा विमा हाच, दुसरा कुठलाही नाही. मोठं झाड आषाढात गेलंच तर खिडकीत दोन छोटी उभी असतात.

जुन्या झाडाची यंदा चांगली कलमं लागली आहेत. एक शेजारच्या काकूंना दिलं, पाटीसकट. एक नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मुलीने मागितलं, तिची बाल्कनी पूर्वेची आहे असं कळल्यावर दिलं. माझी बहीण दादरला राहते, तिनेही मागितलं, तिच्या खिडकीत बाराही महिने समुद्राची दमट हवा आणि समोरच्या बिल्डिंगची सावली. तिला मी पानओवा दिला, भजी कर म्हटलं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.